डेकला टाकी लावताना

बोटीच्या डेकवर पाय सटकू नये म्हणून काय लावावं, असं रंगाच्या दुकानात विचारलं की डब्यावर छापलेली दोन विशेषणं पुढे केली जातात: टिकाऊ आणि न घसरणारा. डब्यावर ही दोघं गुण्यागोविंदानं नांदत असली तरी डेकवर त्यांचं पटत नाही. पायाला पकड मिळते ती पृष्ठभागावरच्या उंचवट्यांमुळे, आणि पायाखाली सगळ्यात आधी झिजतात तेही हेच उंचवटे. घरातल्या पाट्याचं दुखणं अगदी असंच होतं. वाटून वाटून तो गुळगुळीत झाला की मिरची वाटली जाण्याऐवजी वरवंट्याखाली नुसती सरकत राही, आणि छिन्नीनं ठोकून तो पुन्हा खरखरीत करणारी, टाकी लावणारी बाई दारावर कधी येते याची वाट बघावी लागे. पाटा पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा, त्याचा खरखरीतपणा काही महिनेच. डेकच्या लेपाची कुळकथाही मला या टाकीच्या बाजूनंच वाचावीशी वाटते. कधीच न झिजणारा थर शोधायचे प्रयत्न पुष्कळ झाले. पण जहाजांवर प्रत्यक्षात जो थर टिकून राहिला तो बहुतेक वेळा असा होता की झिजल्यावर आहे त्या माणसांना, आहे त्या जागी, परवडेल त्या खर्चात पुन्हा उभा करता येईल.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे सुटी वाळू. शिडाच्या लढाऊ जहाजांवर तोफा डागायच्या आधी डेक ओला करून त्यावर वाळू पसरत. तोफेच्या धक्क्यात अनवाणी माणसांचे पाय ठरावेत, सांडलेलं रक्त शोषलं जावं आणि बंदुकीच्या दारूचे सांडलेले कण पेटू नयेत, अशी ती तिहेरी सोय. टिकाऊपणाचा प्रश्नच नव्हता. लढाई संपली की वाळू समुद्रात. रोजच्या दिवसासाठी मात्र दुसरी तऱ्हा होती. ब्रिटिश आरमारात वालुकाश्माचे मऊ ठोकळे, खारं पाणी आणि वाळू घेऊन खलाशी गुडघ्यांवर बसत आणि फळ्या घासत. बसण्याची ती पद्धत बघून छोट्या ठोकळ्यांना प्रार्थनेची पुस्तकं आणि मोठ्यांना बायबलं म्हणण्याची थट्टाही रूढ झाली. या घासण्याकडे इतिहासकार बहुधा शिस्तीचा भाग म्हणून बघतात: रिकाम्या हातांना काम, आणि पांढऱ्या शुभ्र डेकवर कॅप्टनची मिरवणूक. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर कारागिरी नजरेतून सुटते. दोरखंडांच्या डांबरानं, स्वयंपाकाच्या चरबीनं आणि पायांच्या मळानं लाकडावर जो तुकतुकीत पापुद्रा चढतो, तो घासल्यानं निघून जाई आणि खालचे ताजे तंतू उघडे पडत. कूस निघाल्यामुळे अनवाणी तळव्यांत काटेही भरत नसत. म्हणजे पकड रोज नव्यानं तयार होई आणि तिची किंमत फळीच्या जाडीतून वळती होई. हा हिशेब खराच होता, याचा पुरावा या प्रथेच्या शेवटात सापडतो: डेक अकारण झिजतात आणि बदलणं महाग पडतं, याच कारणानं अमेरिकेच्या आरमारानं १९३१ साली या घासण्यावर बंदी आणली.

जाडीतून पकड विकत घ्यायची तर सागासारखं लाकूड नाही, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची जी परंपरा उभी केली, तिच्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाची कीर्ती मुख्यतः न सडण्याची. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलानं ते सुरक्षित राहतात, हा त्याचा दुसरा मोठेपणा. पकड हा गुण या यादीत बराच खाली येतो. पण डेकसाठी साग मागणाऱ्यांना तो ठाऊक होता. सागाच्या वार्षिक वलयांत मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून असतात. घासलं की मऊ पट्टा आधी खाली जातो आणि कठीण पट्टा सुताच्या रेषेसारखा वर उरतो. पुढच्या वेळी तीच गोष्ट थोडी खालच्या पातळीवर घडते. साग झिजतो म्हणूनच तो पाय धरतो, आणि फळी संपेपर्यंत धरत राहतो. हौशी मालक त्याच्यावर चकचकीत वार्निश चढवतात तेव्हा हा सगळा गुण एका दुपारीत मारला जातो. पावसात त्या डेकवर चालणं म्हणजे शेवाळलेल्या पायरीवर चालणं.

लोखंड आलं आणि ही व्यवस्था मोडली. लोखंडी पत्रा न घासता राहतो, पण उन्हात तापतो, ओला झाला की निसरडा होतो आणि गंजतो. म्हणून १९ व्या शतकातल्या कित्येक लोखंडी जहाजांवर पत्र्याच्या वर पुन्हा लाकडी फळ्याच अंथरल्या गेल्या. यंत्रखोलीत आणि जिन्यांवर उठावाच्या नक्षीचा चौकड्यांचा पत्रा आला, जो आज आपल्याकडे बसच्या पायऱ्यांवरही दिसतो. न झिजणाऱ्या पकडीचं ते पहिलं स्वप्न म्हणता येईल. प्रत्यक्षात उठावाचे माथे बुटांखाली पॉलिश होतात, पायाचा सगळा भार त्या थोड्याशा गुळगुळीत माथ्यांवर येतो, आणि त्यांच्यावर तेल असलं तर नक्षी नुसती शोभेची उरते. पत्र्याला पुन्हा टाकी लावायची सोय नाही, हे त्याचं खरं वैगुण्य. छोट्या होड्यांनी आणि यॉटनी दुसरीच वाट धरली: पातळ फळ्यांवर ओल्या रंगात किंवा सफेद्यात किंतान ताणून बसवायचं, वर रंगाचे हात द्यायचे, आणि शेवटच्या ओल्या हातावर चाळलेली वाळू भुरभुरायची. आज डब्यात मिळतो त्या लेपाचे दोन्ही अवयव, धरून ठेवणारा रंग आणि टोचणारा कण, इथे पहिल्यांदा एकत्र दिसतात. वाळूचा कण दोन ऋतूंत उपटून निघे. मग घासून पुन्हा एक हात, पुन्हा वाळू. काही यॉटवाल्यांनी तर ओल्या रंगावर साखर किंवा मीठ भुरभुरून रंग वाळल्यावर ते पाण्यानं विरघळवून टाकलं, म्हणजे कणांऐवजी खळगे उरतात आणि गुडघे सोलवटत नाहीत. युक्ती गमतीची वाटली तरी तिच्यामागचा विचार पक्का आहे: खळग्याच्या कडेलाही धार असते, आणि उपटून जाईल असं त्यात काही नसतं.

धार का लागते, हे समजायला ओल्या पृष्ठभागाचं भौतिकशास्त्र लागतं, आणि ते आज डब्यात मिळणाऱ्या रंगाच्या बरंच आधी तयार होतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८६ मध्ये वंगणाचा सिद्धान्त मांडला: दोन पृष्ठभागांमध्ये अडकलेला द्रवाचा पातळ थर स्वतःच भार पेलू शकतो. बेअरिंगसाठी हे वरदान, डेकवर हाच शाप. पाय टेकतो त्या क्षणी पाण्याचा थर बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही तर तळवा डेकला लागतच नाही, पाण्यावरच टेकतो. म्हणून दोनच उपाय उरतात. एक, थर फोडून वर येईल इतका उंच आणि टोकदार कण. दुसरा, पाण्याला निसटायला वाटा. दुसरा उपाय डेकऐवजी पायालाही लावता येतो, आणि १९३५ मध्ये पॉल स्पेरीनं तेच केलं. त्याचा कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो, हे बघून त्यानं रबरी तळव्याला बारीक नागमोडी चिरा पाडल्या, अशी त्याच्या बुटांची प्रसिद्ध कथा. कथेत मीठमसाला किती हे सोडा; चिरा मात्र पाणी पिळून काढतात. स्पेरीचा बूट या कुळकथेत महत्त्वाचा आहे, कारण पकड हा एकट्या डेकचा गुण असूच शकत नाही, हे त्यानं दाखवून दिलं. मोजणी करणाऱ्यांनीही हे मान्य केलं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये घडलेला आणि पुढे ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं सुधारलेला लोलक आजही फरश्यांची पकड मोजायला वापरतात. त्याच्या टोकाला बसवायचं रबर दोन प्रकारचं असतं, एक बुटाच्या जागी आणि एक अनवाणी पायाच्या जागी. जर्मन मानकांत तर परीक्षाच वेगवेगळ्या आहेत: बुटांसाठी तेल ओतलेला उतार, अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्याचा. एकच पृष्ठभाग एका परीक्षेत पास आणि दुसरीत नापास होऊ शकतो.

कणांचं घराणं मोठं झालं ते विजेच्या भट्टीत. एडवर्ड ॲचेसननं १८९१ मध्ये कार्बोरंडम बनवलं. त्याच दशकात बॉक्साइट वितळवून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण करण्याची पद्धतही आली. हे कण वाळूपेक्षा कितीतरी कठीण आणि फुटले तरी कोन राखून फुटणारे, त्यामुळे ते झिजून गोल होत नाहीत. दुबळा राहिला तो त्यांना धरून ठेवणारा रंग. जवसाच्या तेलाचा रंग इतक्या कठीण कणाला फार काळ धरू शकत नव्हता. ही जागा इपॉक्सीनं घेतली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि पुढे अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी तिच्यावर काम केलं, आणि १९४६ मध्ये सिबा कंपनीनं ती ॲराल्डाइट या नावानं बाजारात आणली. आपल्याकडे तुटलेल्या खुर्चीला लागणाऱ्या या दोन ट्यूबांचंच थोरलं भावंड पुढे विमानवाहू जहाजांच्या डेकवर गेलं. ते जायची वेळही आली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या एसेक्स वर्गाच्या जहाजांचा उड्डाणडेक लाकडी फळ्यांचा होता; जेट विमानांचं वजन आणि झोत लाकडाला झेपण्यासारखे नव्हते. पोलाद उघडं ठेवावं तर विमानं आणि माणसं दोन्ही घसरणार. मग इपॉक्सीत ॲल्युमिनियम ऑक्साइड कालवून, दाट चिखलासारखा तो गिलावा लव नसलेल्या कडक रोलरनं ओढायची पद्धत बसली. असा रोलर लेप सपाट न करता त्याच्या वरंबे आणि सऱ्या काढतो. कण थर फोडतात, सऱ्या पाणी आणि तेल वाहून नेतात: रेनॉल्ड्सचे दोन्ही उपाय एकाच हातात.

इतका भारी लेप किती टिकतो? विमानं जिथे उतरतात आणि अडवणारी पोलादी तार जिथे फरफटत जाते, तिथे साधारणपणे एका मोहिमेपुरता. मग तो पाण्याच्या प्रचंड दाबानं किंवा छर्ऱ्यांनी खरवडून पोलादापर्यंत उघडा करायचा, आणि पुन्हा लावायचा. अमेरिकी आरमाराच्या या लेपांसाठीचं मानक, मिल-पीआरएफ-२४६६७, वाचताना हेच ध्यानात येतं. घर्षण कोरडं, ओलं आणि तेलकट असं तीन स्थितींत मोजायचं. आणि नव्या लेपावर एकदा मोजून भागत नाही, पोलादी तारेनं झिजवल्यावर पुन्हा मोजायचं. लेप झिजणार हे मानकानं गृहीतच धरलं आहे. प्रश्न फक्त झिजताना तो पाय किती काळ सोडत नाही, एवढाच. खर्चाचा मोठा भागही लेपाच्या डब्यात नसून आधीच्या तयारीत असतो. पोलाद जवळजवळ पांढरं होईपर्यंत छर्ऱ्यांनी झाडणं, मिठाचे अंश धुणं, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसनं वर आहे हे बघणं. यातलं एक चुकलं की कणांच्या भोवतीच्या सूक्ष्म फटींतून पाणी आत शिरतं आणि लेप खालून गंजानं उचलला जातो. टिकाऊपणाचं जे श्रेय आपण रसायनाला देतो, त्यातलं बरंचसं झाडणाऱ्या आणि धुणाऱ्या हातांचं असतं.

यावर पहिली हरकत अशी येईल की हे झालं इपॉक्सीचं. धातूचा लेप आला की झिजेचं रडगाणं संपेल. एफ-३५बी या विमानाचा उतरतानाचा झोत इतका गरम की इपॉक्सी त्याच्यापुढे तग धरत नाही, म्हणून २०१३ च्या सुमारास अमेरिकेच्या ‘वॉस्प’ या जहाजाच्या डेकच्या काही भागावर ॲल्युमिनियम आणि सिरॅमिकचा लेप फवारला गेला. ब्रिटनच्या ‘क्वीन एलिझाबेथ’वरही ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचा लेप आला. हा लेप इपॉक्सीपेक्षा फार जास्त टिकतो, हे मान्य करायलाच हवं, आणि माझा मुद्दा त्यानं थोडा मागे सरतो हेही. पण कुठे मागे सरतो ते बघा. फवारणीला तार वितळवणारी किंवा प्लाझ्माची यंत्रं लागतात, चालवणारे प्रशिक्षित हात लागतात, आणि डाग पडला तर खलाशी तो स्वतः भरू शकत नाही. म्हणूनच सगळा डेक असा फवारण्याऐवजी झोत पडतो तेवढ्याच जागा निवडल्या गेल्या. उरलेल्या डेकवर जुना, खरवडून पुन्हा लावता येणारा लेपच ठेवला गेला, हा निर्णय आरमारांनीच घेतलेला आहे.

दुसरी हरकत जास्त जवळची आणि जास्त बळकट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरच्या बोटी आल्या तेव्हा न घसरणारी नक्षी साच्यातच कोरली गेली. बाहेरच्या जेलकोटच्या थरावर हिरेदार दाणे तयारच निघतात, वेगळा लेपच नको. शिवाय इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या लिस्कर्डहून येणाऱ्या ट्रेडमास्टरसारख्या कॉर्क-रबराच्या चादरी चिकटवल्या तर वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. खरं आहे. पण साच्यातल्या नक्षीची उंची एकदा गेली की गेली. जेलकोट घासून ती परत येत नाही. मग जुन्या फायबर बोटीचा मालक काय करतो? दाणे असलेला रंगच वर चढवतो, म्हणजे किंतानाच्या काळातल्या युक्तीकडे परत येतो. चादर झिजली तर ती उपटताना खालचा जेलकोटही सोबत येऊ शकतो. या दोन्ही गोष्टी पहिल्या काही वर्षांसाठी उत्तम आहेत, आणि ज्याला बोट तेवढीच वर्षं ठेवायची असेल त्यानं त्याच घ्याव्यात. बोट ज्याचं पोट आहे त्याचा हिशेब वेगळा असतो.

आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. लाकडी होडीवर पूर्वी तेल फिरवत: माशांचं, राळेत मिसळलेलं, आणि काजूच्या टरफलाचं, जे अंगाला लागलं तर फोड उठतात. हे लेप लाकूड वाचवायला होते, पकडीसाठी अनवाणी पाय पुरत. अनवाणी तळवा मऊ असतो, फळीच्या उंचसखल पृष्ठभागात बसतो, आणि सवयीनं घट्ट होतो. त्याला कण नकोच होता. आज डेक फायबरचा, पायात गमबूट, आणि त्यावर बर्फाचं पाणी, मासळीचा बुळबुळीत स्राव आणि डिझेल. पकड हवीच, पण आरमाराचा लेप इथे आणला तर नायलॉनचं जाळं त्यावर घासून तुटेल, खवले आणि घाण सऱ्यांत अडकून कुजेल, आणि जाळं ओढताना गुडघ्यावर बसलेल्या खलाशाची कातडी निघेल. जाळं ओढणाऱ्यांना खरखरीत डेक नको असतो, यात हट्ट नाही.

त्यात गोम अशी की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ऐन पावसात. होड्या ओढून शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेला समुद्रात उतरायच्या, आणि मधल्या वेळात रंगाचं काम. हवेत दमटपणा इतका की साधी इपॉक्सी धड वाळत नाही आणि वर पांढुरकी मेणचट साय धरते. इथे काजू पुन्हा भेटतो. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेल्या या झाडाच्या टरफलाच्या तेलातून कार्डानॉल निघतं, आणि कार्डानॉलपासून फेनाल्कमाइन नावाचा इपॉक्सीचा कठीणक बनतो. कार्डानॉलच्या रेणूला १५ कार्बनची लांब शेपटी असते, ती पाण्याला दूर ठेवते. म्हणून फेनाल्कमाइनचा इपॉक्सी ओलसर हवेत आणि कमी तापमानातही बसतो, आणि जहाजांच्या रंगांत म्हणूनच त्याचा वापर होतो. होडीवर आजोबा जे तेल फिरवत त्याचा नातू दोन डब्यांतून परत आला आहे, एवढंच.

मग निवड करायची ती अशी. सबंध डेक एका लेपानं माखायचाच नाही. जाळं ओढायची जागा गुळगुळीत आणि धुवायला सोपी ठेवावी. केबिनच्या दारापासून विंचपर्यंतची वाट, काठावरची चढण्याउतरण्याची जागा आणि इंजिनाच्या झाकणाभोवतीचा पट्टा एवढ्याच ठिकाणी कणाचा रंग द्यावा. कण गोलसर आणि बारीक, प्लास्टिकचा किंवा चाळलेला, कारण इथला पाय कधी बुटात असतो कधी अनवाणी. खालचा थर फेनाल्कमाइनचा, वरचा थर उन्हात खडू न होणारा पॉलियुरेथेनचा, आणि कण या दोहोंच्या मध्ये न टाकता वरच्या पहिल्या हातावर भुरभुरून, त्यावर पातळ दुसरा हात. म्हणजे दोन मोसमांनी कण उपटायला लागले की खालच्या थराला हात न लावता, नुसतं सँडपेपरनं घासून, तेवढाच पट्टा पुन्हा रंगवता येतो. तांडेलानं डबा घेताना दुकानदाराला हा किती वर्षं टिकतो असं विचारण्याआधी, याच्यावर याचाच दुसरा हात न खरवडता धरतो का आणि धरायचा तर किती दिवसांच्या आत, हे विचारावं. कारण काही पॉलियुरेथेनवर ठरावीक दिवस उलटून गेले की नवा हात पापुद्र्यासारखा निघून येतो, आणि ती मुदत डब्यावर अगदी बारीक अक्षरांत छापलेली असते.